मुदत : एक शब्द आणि तीन अर्थ

जुन्नरच्या पेठेंत किंवा घोडेगांवच्या कचेरीच्या ओट्यावर “मुदत सरली” असे दोन शब्द कानांवर पडले, तर ऐकणाराला ते लगेच समजतात. परंतु नेमकें काय समजलें, असें विचारल्यास उत्तर तितकेंसें सोपें नाहीं. पैसे फेडण्याचा ठरलेला दिवस उलटला, हा एक अर्थ. करार जितक्या काळापुरता केला होता तो काळ संपला, हा दुसरा. आणि धनकोला न्यायालयांत दाद मागण्यासाठीं कायद्यानें दिलेला अवधि संपला, हा तिसरा. पहिल्या अर्थानें मुदत सरली म्हणजे ऋणकोच्या गळ्याला फांस लागतो. तिसऱ्या अर्थानें सरली म्हणजे तोच फांस सैल होतो. एकाच शब्दानें बांधणें आणि सोडणें या दोन्ही क्रिया दाखवाव्यात, ही भाषेची मौज म्हणून सोडून देतां आली असती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिणेंतील शेतकऱ्याचें घर, बैल आणि जमीन या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहिलीं, आणि म्हणूनच या शब्दाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

जुन्नर व आंबेगांव हे पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांतील तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या मोकळ्या मुलखापर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेस डोंगराच्या कुशींत महादेव कोळ्यांचीं गांवें व भाताचीं खाचरें, तर पूर्वेस बाजरीचीं रानें. नाणेघाटानें कोंकणांत उतरणारा व्यापारी मार्ग जुन्नरावरून जात असल्यामुळें देण्याघेण्याचे करार या मुलखाला नवे नव्हते. येथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कारागिरांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. शेजारच्या नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ३,००० कार्षापणांचा लेख आहे. त्या ठेवीला ‘अक्षयनीवी’ असें नांव आहे. मुद्दलाला हात लावावयाचा नाहीं आणि व्याज मात्र निरंतर देत राहावयाचें, असा हा मुदत नसलेला करार होता. पुढें हातकागदासाठीं जुन्नरचें नांव झालें आणि ‘जुन्नरी कागद’ दूरवर जाऊं लागला. ज्या कागदावर रोखे लिहिले जात तो कागदच जेथें तयार होई, त्या गांवाला रोख्याची भाषा परकी कशी असेल ?

ही भाषा मात्र अनेक दरबारांतून गोळा झालेली होती. ‘मुदत’ आणि ‘वायदा’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. फारसींतून ते मराठींत उतरले. निजामशाहीचें पहिलें ठाणें जुन्नर हेंच होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या भागांत ते किती लवकर रुळले असतील याची कल्पना येते. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी गांवच्या देण्याघेण्यांतून मुदत, वायदा, रोखा, खत हे शब्द हललें नाहींत. ‘वायदा’ म्हणजे दिलेला शब्द आणि त्या शब्दाचा दिवस. ‘मुदत’ म्हणजे काळाचा तुकडा. हा भेद मुळांत स्पष्ट होता. तो पुसट झाला तो नव्या कायद्याच्या अमलांत.

नवा कायदा येण्यापूर्वीं काळाच्या ओघांत कर्ज बुडतें, ही कल्पना या देशांत अगदींच नव्हती असें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दहा वर्षें उपेक्षिलेलें ऋण वसूल करूं नये असें सांगून बाल, वृद्ध, आजारी, संकटांत सांपडलेले व परदेशीं गेलेले यांना अपवाद केला आहे. याज्ञवल्क्यानें, मालक डोळ्यांनीं पाहत असतां दुसऱ्यानें उपभोगलेल्या जमिनीविषयीं वीस वर्षांची व इतर धनाविषयीं दहा वर्षांची मर्यादा घातली आहे. परंतु ज्या नियमाचा आधार सामान्य ऋणकोला खरोखर वाटे तो वेगळाच होता. तो म्हणजे दामदुप्पट. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलापेक्षां अधिक होतां कामा नये, शंभराचे दोनशें झाले कीं व्याजाचा कांटा थांबला, असा तो नियम. बापाचें देणें मुलानें फेडावें ही धर्माची आज्ञा असल्यामुळें कर्ज पिढ्यान् पिढ्या जिवंत राही. पण त्याचा आकार दुपटीवर अडे. काळ कर्जाला मारीत नव्हता, तो त्याची वाढ थांबवीत होता.

इंग्रजी अमलांत या व्यवस्थेवर दुसरी व्यवस्था बसविली गेली. मुंबई सरकारच्या १८२७ च्या पांचव्या रेग्युलेशनानें लेखी कर्जाच्या दाव्यास १२ वर्षांपर्यंत अवधि ठेवला होता व न्यायालयानें देववावयाच्या व्याजास शेंकडा १२ ची सीमा होती. १८५५ सालीं व्याजावरील बंधनें रद्द झालीं. नंतर १८५९ च्या चौदाव्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर दावा करण्याचा अवधि तीन वर्षांवर आला; नोंदलेल्या खताला तो सहा वर्षें होता. या कायद्यामागचा हेतु वाईट नव्हता. जुन्या पुराव्यावर उशिरा केलेले दावे बंद पडावेत, साक्षीदार जिवंत असतांना निवाडा व्हावा, आणि व्याज सांचत सांचत डोंगराएवढें होऊं नये, असा त्याचा रोख होता. सावकारानें निजूं नये, निजला तर न्यायालय त्याच्यासाठीं जागणार नाहीं, हें त्याचें तत्त्व.

आतां हें तत्त्व मराठींत कोणत्या नांवानें आलें ? इंग्रजी ‘लिमिटेशन’चा शब्दशः अर्थ मर्यादा. परंतु मराठी माणसाच्या मनांत मर्यादा म्हणजे वडिलांसमोर पाळावयाचा संकोच, घरंदाजपणाची रेषा. तेव्हां कचेरींतील व्यवहारांत जवळचा आणि परिचित शब्द पुढें आला, तो ‘मुदत’. लिमिटेशन ॲक्ट हा ‘मुदतीचा कायदा’ झाला आणि वेळेंत न आणलेला दावा ‘मुदतीबाहेरचा’ झाला. शब्द सोपा होता, अर्थ मात्र निसटला. कौटिल्याच्या नियमांत ‘उपेक्षा’ या कल्पनेवर सारा भर आहे. त्यांत दोष धनकोचा आहे, हें शब्दांतच दिसतें. ‘मुदत’ शब्दांत कोणाचाच दोष दिसत नाहीं. उलट मुदत पाळणें हें नेहमींच घेणाराचें कर्तव्य, अशी रोख्याच्या भाषेची संवय. त्यामुळें “तीन वर्षांची मुदत” असें ऐकल्यावर शेतकऱ्यानें तीन वर्षांत पैसे फेडण्याची सक्ती झाली असें समजावें, हेंच स्वाभाविक होतें. ती मुदत आपल्यावर नसून सावकारावर आहे, हें त्याला शब्दानें कधींच सांगितलें नाहीं.

यांत आणखी एक पेंच होता. रोख्यांत फेडीचा दिवस नेमलेला असेल, तर दाव्याचा अवधि त्या दिवसापासून सुरू होतो. म्हणजे पहिली मुदत सरते त्याच क्षणीं दुसरी मुदत लागते. दोन्हींना एकच नांव असल्यावर साध्या माणसानें हा जोड कसा ओळखावा ? सावकार किंवा त्याचा कारकून तो ओळखीत होता, आणि तेवढेंच पुरेसें होतें. तीन वर्षें भरत आलीं कीं “मुदत संपली, नवें खत कर” असें सांगावयाचें, आणि मागच्या व्याजासह सारी रक्कम नव्या खतांत मुद्दल म्हणून लिहावयाची. सांगितलेलें वाक्य खोटें नव्हतें, पण कोणाची मुदत संपत आहे एवढेंच त्यांत सांगितलेलें नव्हतें.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, शंभर रुपये दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें घेतले. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये. नवें खत १७२ चें. पुढील तीन वर्षांनीं तें २९५ रुपये १३ आण्यांवर जातें, आणि नऊ वर्षांच्या अखेरीस ५०८ रुपयांच्या वर. खत न बदलतां सरळ व्याज नऊ वर्षें चालू ठेवलें असतें, तर बेरीज ३१६ झाली असती. आणि दामदुप्पट लागू होऊन देणें २०० वर थांबलें असतें. पण तीन वर्षांच्या आंत ७२ रुपये व्याज शंभरापर्यंत पोंचतच नाहीं, आणि नव्या खतांत जुनें व्याज मुद्दल होऊन बसतें. म्हणजे काळानें कर्ज मारणारा नवा नियम आला आणि त्यानें काळानें कर्ज थांबविणारा जुना नियम निकामी केला. ऋणकोच्या रक्षणासाठीं आलेल्या दोन कायद्यांची अशी गांठ पडली, आणि त्या गांठींत सांपडला तो ऋणकोच.

इतिहासाच्या पुस्तकांतूनहि कधीं कधीं “१८५९ च्या कायद्यानें कर्जरोखे तीनच वर्षें वैध राहूं लागले” असें वाक्य आढळतें. तें बरोबर नाहीं. रोखा अवैध होत नव्हता, कर्जहि नाहींसें होत नव्हतें. न्यायालयाचा दरवाजा तेवढा बंद होत होता. हा सूक्ष्म भेद शिकलेल्यांच्याहि हातून सुटतो, मग अंगठा करणाऱ्या माणसाच्या हातून सुटला तर नवल काय ? कायद्यानें न्यायाधीशावर असें बंधन घातलें होतें कीं, प्रतिवादीनें हरकत घेतली नाहीं तरी मुदतीबाहेरचा दावा काढून टाकावा. परंतु ज्या कुळानें दर तीन वर्षांनीं नवें खत लिहून दिलें आहे, त्याच्यावरील दावा मुदतीबाहेर जाणार तरी कधीं ? त्यांतून पुष्कळसे निकाल एकतर्फी होत. कुळ कचेरींत हजरच नसे.

या असंतोषाचा पहिला भडका आंबेगांवच्या डोंगरांतच दिसला. जांभोरी गांवचा होनाजी भागोजी केंगले यानें १८७३ सालीं कोळ्यांची टोळी जमवून पुणें, नाशिक, नगर व ठाणें या जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील सावकारांवर हल्ले सुरू केले. सरकारनें त्याच्यावर १,००० रुपयांचें इनाम लावलें. १८७६ सालीं मेजर डॅनियल यांनीं त्याला पकडलें. दरम्यान १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. जुन्नर-आंबेगांवला लागून असलेले शिरूर व पारनेर हे तालुके त्यांत सांपडले. या दंग्यांत माणसांच्या जिवावर हात फारसा पडला नाहीं. जमावाला हवीं होतीं खतें आणि हुकूमनामे. तीं मिळालीं कीं त्यांची होळी होई, आणि कागद मिळाले नाहींत तरच बळजबरी होई. ज्यांना कागद वाचतां येत नव्हता, त्यांनीं कागदाचें सामर्थ्य किती बरोबर ओळखलें होतें ! मुदतीचा अर्थ त्यांना कोणी समजावून दिला नव्हता. पण मुदत ज्या कागदांत राहते तो कागद जळला कीं तिचें राज्य संपतें, एवढें त्यांना कळत होतें.

दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगानें तीन वर्षांच्या अवधीमुळें खतें वारंवार बदलावीं लागतात, हें कारण स्पष्टपणें नोंदलें. त्यानंतर १८७९ चा सतरावा कायदा, म्हणजे दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या दादरसीचा कायदा, पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यानें शेतकऱ्यावरील दाव्याचा अवधि उलट वाढविला : नोंदलेल्या खताला बारा वर्षें व इतरांना सहा. शेतकऱ्याच्या हितासाठीं सावकाराला अधिक वेळ द्यावयाचा, हें वरवर विचित्र वाटतें. पण वरील हिशेब ज्यानें पाहिला त्याला त्यांतील शहाणपण पटेल. याच कायद्यानें न्यायालयाला खताच्या मागें जाऊन व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार दिला, व्याजाचें मुद्दल करण्यास बंदी केली, आणि शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या नोंदणी-अंमलदारासमोर लिहिले जावेत अशी तजवीज केली. या शेवटच्या तरतुदीचें महत्त्व भाषेच्या दृष्टीनें मोठें आहे. खत लिहितांना तें वाचून दाखविणारा, दोन्ही पक्षांहून तिसरा असा माणूस तेथें असावा, हें कायद्यानें प्रथमच मान्य केलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून कांहीं वर्षें काम केलें.

जमिनीच्या गहाणांत ‘मुदत’ शब्दानें आणखी एक रूप घेतलें. अमुक वर्षांत पैसे न फेडल्यास गहाण जमीन धनकोची व्हावी, अशा अटीच्या गहाणाला मराठी दस्तऐवजांत ‘गहाण-लहाण’ म्हणत. खताची भाषा पाहिली तर मुदत सरतांच जमीन गेली. परंतु मुंबईच्या हायकोर्टानें १८६४ सालीं रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यांत असें ठरविलें कीं, खरा व्यवहार गहाणाचा असेल तर नेमलेला दिवस उलटला म्हणून सोडवून घेण्याचा हक्क बुडत नाहीं. इंग्रजी न्यायाचें हें तत्त्व मराठी खताच्या शब्दांहून बलवत्तर ठरलें. तेव्हां धनकोंनीं शब्द बदलला. गहाणाचें नांवच गाळून विक्रीचें खत करावयाचें आणि परत खरेदीला अवधि ठेवावयाचा; तिचें नांव ‘मुदतखरेदी’. पुढें दादरसीच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन, खताच्या शब्दांविरुद्ध तोंडी पुरावा घेऊनहि व्यवहाराचें खरें स्वरूप ठरवावें, असा अधिकार न्यायालयाला मिळाला. नांव आणि वस्तु यांची ही लपंडाव कितीतरी वर्षें चालली.

काळ मोजण्याची रीतहि एक प्रकारचें भाषांतरच होय. कुळाचा वायदा पंचांगाचा : दिवाळीचा, होळीचा, सुगीचा. न्यायालयाची मोजणी इंग्रजी तारखेची. १९०८ च्या मुदतीच्या कायद्यानें स्पष्ट सांगितलें कीं, दस्तऐवजावर केवळ देशी मिति असली तरी अवधि ग्रेगोरियन पंचांगानेंच मोजावा. १९६३ च्या कायद्यांतहि तें कलम कायम आहे. चार चांद्र महिने म्हणजे सुमारें ११८ दिवस. इंग्रजी चार महिने १२० ते १२३. मध्यें अधिक मास आला, तर चैत्रापासून श्रावणापर्यंतचे चार महिने पांच होतात. गांवच्या मनांतील मुदत आणि कचेरीच्या कागदांतील मुदत यांचा मेळ अशा वेळीं दिवसांनींच काय, महिन्यानेंहि चुके.

सर्वांत अवघड जागा मात्र मुदत सरल्यानंतरची आहे. अवधि संपण्यापूर्वीं देणें लेखी कबूल केलें, तर त्या दिवसापासून अवधि पुन्हां मोजला जातो. अवधि संपल्यावर नुसती कबुली पुरत नाहीं; परंतु १८७२ च्या कराराच्या कायद्याचें २५ वें कलम असें सांगतें कीं, मुदतीबाहेर गेलेलें देणें फेडण्याचें लेखी व सही केलेलें वचन हा बंधनकारक करार होतो. एरव्हीं मोबदल्यावांचून दिलेलें वचन कायदा मानीत नाहीं. येथें मेलेल्या दाव्याला जुनें देणेंच पुन्हां प्राण देतें. ‘माझ्याकडे इतकी बाकी निघते’ आणि ‘ही बाकी मी देईन’ या दोन वाक्यांत मराठी बोलीला फारसें अंतर वाटत नाहीं. कायद्याला त्यांत कधीं कधीं सबंध कर्जाएवढें अंतर दिसतें. म्हणून ‘कबुली’ व ‘वचन’ हे शब्द भाषांतरांत एकमेकांच्या जागीं घालणें, ही केवळ शैलीची चूक राहत नाहीं.

विद्वानांनीं या शब्दांची व्यवस्था लावण्याचे प्रयत्न केले आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेनें १९३१ सालीं श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. स्वातंत्र्यानंतर हिंदींत लिमिटेशनला ‘परिसीमा’ हा शब्द रूढ झाला; परंतु मराठी कानाला परिसीमा म्हणजे पराकाष्ठा, क्रौर्याची किंवा त्यागाची. म्हणून बोलण्यांत ‘मुदतीचा कायदा’च टिकून राहिला. आजच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणें कर्जाच्या साध्या दाव्यास अवधि पुन्हां तीन वर्षांचाच आहे, आणि दामदुप्पटीचें तत्त्व १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यांत कलम होऊन बसलें. १९९७ पासून कराराच्या कायद्यांत अशीहि दुरुस्ती झाली आहे कीं, अमुक दिवसांत दावा न केल्यास हक्कच नष्ट होईल अशी अट करारांत घातली तरी ती निरर्थक ठरते. हक्काचा काळ आणि दाव्याचा काळ यांतील भेद अखेर विमा व ठेकेदारीच्या छापील कागदांपर्यंत येऊन पोंचला.

नवा शब्द घडविण्याची येथें फारशी गरज नाहीं. जे आहेत ते आपापल्या जागीं बसविले तरी पुरे. फेडीच्या दिवसाला ‘वायदा’, कराराच्या काळाला ‘मुदत’, आणि न्यायालयांत जाण्याच्या अवधीला नुसती मुदत न म्हणतां ‘दाव्याची मुदत’ म्हणावें. शेवटच्या नांवांत ती कोणी पाळावयाची, हें आपोआप कळतें. महाराष्ट्रांतील खालच्या न्यायालयांची भाषा आज मराठी आहे, आणि मंचरच्या किंवा नारायणगांवच्या बाजारांत कांदा-टोमॅटोचे सौदे, शेताचे खंड, पतपेढ्यांचीं कर्जें हीं सारीं मराठींतच ठरतात. कागदावर सही करणाऱ्या माणसानें एकच प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी : ही मुदत कोणाची, त्याची कीं माझी ? दीडशें वर्षांपूर्वीं जांभोरीच्या कुळाला हा प्रश्न कोणी शिकविला असता, तर त्याचे किती रुपये वांचले असते याचा हिशेब वर मांडलाच आहे.